तुझं गाऱ्हाणं राहून गेलं

प्रणाली, तुझ्या बाराव्याला मी उशिरा पोहोचले. म्हापशाला पेडण्याची बस चुकली आणि दुसरी मिळेपर्यंत अर्धा तास गेला. जेवणं सुरू झाली होती. तू असतीस तर अंगणातूनच ओरडली असतीस की वृंदा आणि उशीर, आज सूर्य कुठल्या बाजूनं उगवला ते बघा. तुझ्या मावशीनं माझ्यापुढे पान मांडलं आणि मी जेवले. भूक लागली होती.

मी रडले नाही, हे तुला सांगायला हरकत नाही. रोशनी माझ्या वाटचंही रडली. मंगेश सकाळपासून मांडववाल्याच्या खुर्च्या इकडून तिकडे नेत होता, ज्यांची गरज नव्हती त्यासुद्धा. तिघांपैकी प्रत्येकाला ठाऊक होतं की बाकीचे दोघे काय करत असतील. करोनाच्या दोन वर्षांत आपण एकमेकांना तेवढं ओळखायला शिकलो.

तुझी आई सोप्यावर बसली होती आणि जी बाई शेजारी येऊन टेकेल तिला एकच वाक्य सांगत होती. डॉक्टर म्हणाले, चार-पाच वर्षं आधी आणलं असतं तर एवढं झालं नसतं. लहानपणी तुला सांधे सुजून ताप आला होता, चौथीत की पाचवीत, महिनाभर शाळा बुडाली होती. त्या तापानं हृदयाची झडप खराब केली आणि ती तशीच आकसत गेली. ऑपरेशन झालं, नीट झालं, पण हृदय फार थकलेलं होतं. हे सगळं ती क्रमानं सांगायची आणि शेवटी पुन्हा चार-पाच वर्षांवर यायची. मलाही तिनं सांगितलं. माझा हात धरून सांगितलं.

चार-पाच वर्षांपूर्वी तू कुठे होतीस ते तिच्यापेक्षा मला जास्त नीट माहीत आहे. तू आमच्याबरोबर गावावरच्या कातळी माळावर, सड्यावर होतीस. तुला दम लागत होता, आणि ते मी पाहिलं होतं. हे वाक्य मी तिला सांगितलं नाही. घास गिळावा तसं गिळलं आणि म्हणाले, काकी, पाणी आणू का?

म्हणून आता तुला लिहिते आहे.

कॉलेज बंद झालं तेव्हा पहिले आठ दिवस आपल्याला मजा वाटली होती, हे कबूल कर. मग मोबाइलवर वर्ग सुरू झाले आणि कळलं की आपल्या गावात वर्ग भरतो, पण ऐकू येत नाही. विहिरीपाशी नेटवर्कची एक दांडी, देवळामागे दीड, पावसाळी दिवसांत काहीच नाही. सड्यावर गावाची राखण करणाऱ्या देवाचा, राखणदाराचा दगड आहे तिथे तीन दांड्या येतात, हा शोध मंगेशनं गुरं शोधताना लावला. दुसऱ्या दिवसापासून आपण चौघं सकाळी तिथे. काजूच्या चार झाडांखाली चार जणांची चार ठिकाणं, मध्ये सहा-सहा फुटांचं अंतर, तोंडावर मास्क, कानात वायरी. पावसाळ्यात वर ताडपत्री. कोणी पाहिलं असतं तर म्हणालं असतं, पोरं किती अभ्यासू.

अभ्यास कोणाचाच होत नव्हता. रोशनी बाटलीतलं सगळं पाणी हात धुण्यात संपवायची. बोटांमधली कातडी फुटली, तरी धुवायची. मंगेश बोलायचा बंद झाला होता. यायचा, वायर कानात घालायचा आणि झाडाला टेकून झोपायचा. सरांनी हजेरी घेतली की डोळे न उघडता 'प्रेझेंट' म्हणायचा. आणि मी करोनाचे आकडे बघायचे. गोव्यात किती, पेडणे तालुक्यात किती, कालपेक्षा किती वाढले, किती दिवसांत दुप्पट झाले. वहीत तक्ता होता. सकाळी बघायचे, दुपारी बघायचे, बदललेले नसले तरी बघायचे. वडिलांनी म्हापशाहून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आणलं, ते मी कंपासपेटीत घालून सड्यावर आणायला लागले. तासातासाला बोट घालायचे. मला वाटायचं, या सगळ्यांत शहाणी मी एकटीच.

आणि तू थट्टा करायचीस. तुझ्याकडे तेवढंच होतं, असं तेव्हा वाटायचं.

गाऱ्हाण्याची सुरुवातही थट्टेतूनच झाली. त्या दिवशी नेटवर्क सारखं जात होतं. तुझ्याकडे पोदेराकडून, आपल्या पाववाल्याकडून, घेतलेला उंडो होता, गोल पाव. तू त्याचा तुकडा मोडून दगडापुढे ठेवलास, हात जोडलेस आणि हुबेहूब तुझ्या आजोच्या, आजोबांच्या, आवाजात सुरू झालीस, "बा राखणदारा म्हाराजा." आपण लहानपणापासून देवळात आजोचं गाऱ्हाणं ऐकत आलेलो. तो गावाच्या वतीनं देवाला सगळं सांगणार, पाऊस, गुरंढोरं, मुंबईला गेलेली मुलं, आणि पुरुष मंडळी प्रत्येक वाक्यामागे 'व्हय म्हाराजा' म्हणणार. त्यामुळे आमच्या तोंडून ते आपोआप निघालं.

"आज हीं तुजीं चार भुरगीं तुज्या सड्यार आयल्यांत."

"व्हय म्हाराजा."

"तांकां नेटवर्काच्यो तीन दांड्यो दी."

"व्हय म्हाराजा."

मंगेशनं किती दिवसांनी तोंड उघडलं होतं. नेटवर्क आलं नाही ते नाहीच, पण दुसऱ्या दिवशी सगळे तुझ्याकडे बघत उभे राहिलो, उंडो आणलास का म्हणून.

मी तेव्हाच वाद काढला होता. दगड ऐकत नाही, आणि ऐकत असेल तर त्याला मोबाइल कंपनीचं काय कळतं, असं काहीतरी. तू उलट विचारलंस, "राखणदार आयकता काय ना म्हाका खबर ना. मंगेश आयकता मगे?" मी म्हणाले, हे उत्तर झालं नाही. तू म्हणालीस, मग तू उत्तर शोध, वहीत मांड. हा वाद आपला शेवटपर्यंत मिटला नाही. पुढे कितीदा काढला, पण तू दर वेळी काजूच्या बिया वेचायला उठून जायचीस.

मंगेशचा दिवस मला विसरता येत नाही. त्याचे वडील दोडामार्गाकडचे, खनिजाच्या ट्रकवर ड्रायव्हर. ते गावी गेलेले असताना गोव्याची सीमा बंद झाली आणि इकडे मंगेश, त्याची आई आणि लहान बहीण. त्यानं आपल्याला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तुला ते पोदेराकडून कळलं होतं. तू नेहमीचं नेटवर्क, रोशनीची बाटली वगैरे घेतलंस आणि मग आवाज न बदलता म्हणालीस, "ह्या मंगेशाचो बापूय दोडामार्गाच्या गेटीर अडकला, ताका सुखरूप घरा हाड." आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणालो. मंगेश म्हणाला नाही. त्यानं मास्क वर ओढून डोळ्यांपर्यंत नेला आणि झाडामागे गेला. परत आल्यावर तो झोपला नाही. त्या दिवसापासून बोलायला लागला, आणि पुढे इतका बोलायचा की रोशनी कानात कापूस घालू का विचारायची.

मग ती रीतच पडली. ज्याला जे सांगता येत नसेल ते तू आदल्या दिवशी कुठूनतरी काढून घ्यायचीस आणि सकाळी गाऱ्हाण्यात घालायचीस. नाव घेऊन, सगळ्यांदेखत, पण दगडाकडे बघत. त्यामुळे कोणाला मान वर करून उत्तर द्यावं लागत नसे. रोशनीच्या हातांना कातडी शिल्लक राहू दे. रोशनीची आजी विलगीकरणाच्या खोलीतून चालत बाहेर येऊ दे. माझ्यासाठी तू मागितलंस, ह्या वृंदाला ते आकडे दिवसातून एकदाच बघायची बुद्धी दे. मी दोन दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी आकडे एकदाच पाहिले. त्यानंतर रोज एकदाच. तुला कधी सांगितलं नाही, पण त्या पावसाळ्यात मी पहिल्यांदा सलग सहा तास झोपले.

तुझा आजो एकदा वर आला होता, काठी टेकत. मुलगी गाऱ्हाणं घालते हे त्याच्या कानावर गेलं होतं. आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. तो मागे उभा राहून सगळं ऐकत राहिला. संपल्यावर तुला म्हणाला की शब्द बरोबर आहेत, पण एक गोष्ट ध्यानात ठेव. "गाऱ्हाणें घालतल्यान आपलें मागूंक जायना." घालणारा दुसऱ्याचं तोंड असतो, स्वतःचं काही घुसडायचं नाही. बाईनं घालावं की नाही याबद्दल तो काहीच बोलला नाही. जाताना उंड्याचा तुकडा उचलून दगडाच्या उजव्या अंगाला ठेवला, तेवढंच. तू नियम पाळलास. सड्यावरच्या सगळ्या दिवसांत एकदाही स्वतःचं मागितलं नाहीस. आणि आम्हा तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मग तुझं कोण घालतं.

तुला वाटत असेल मी हे सगळं गोड करून सांगते आहे, म्हणून आता त्या सकाळचं सांगते.

तिसऱ्या वर्षाची परीक्षा, दुसरी लाट. गावात चार घरं बंद होती. पंचायतीचे पंचकाका आदल्या आठवड्यात सड्यावर येऊन बजावून गेले होते. कोणाला ताप, खोकला, दम, काहीही दिसलं तर सडा बंद आणि चौघंही चौदा दिवस घरात. ते वाईट माणूस नव्हते. त्यांच्या स्वतःच्या भावाचं घर बंद होतं. पण घरात म्हणजे नेटवर्क नाही, नेटवर्क नाही म्हणजे पेपर नाही. मंगेशचं एक वर्ष आधीच मागे राहिलं होतं. त्याच्या घरी पुन्हा एक वर्ष कोणी थांबलं नसतं.

दहाला पेपर होता. पावणेदहा झाले तरी तू आली नव्हतीस. मंगेश आणि रोशनी बसले होते, मंगेशच्या शेजारी तुझी बॅग होती. चढणीच्या तळाशी तू रोज ती त्याच्या खांद्यावर टाकायचीस, आणि आम्ही त्याला तुझा हमाल म्हणायचो. मी उतरून बघायला आले. अर्ध्या वाटेवरच्या काजूखाली तू मुळावर बसली होतीस. मास्क हनुवटीवर, तोंड उघडं, ओठ जांभळट. एक हात छातीवर.

मी विचारलं, दम लागतो का? तू म्हणालीस, थोडासा. ताप? नाही. वास येतो? तू पायाखालचा चेचलेला काजूचा बोंडू उचलून नाकाशी धरलास आणि म्हणालीस, "बोंडवाचो वास येता. म्हणटकच हांव बरें आसां." त्या स्थितीतही तू मला हसवलंस. मी कंपासपेटी उघडली आणि तुझं बोट मशीनमध्ये घातलं.

त्या मशीनवर दोन आकडे दिसतात. वर ऑक्सिजन, खाली नाडी. वर सत्त्याण्णव आले. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की तुझ्या पाठीत धपाटा घातला. करोना नाही. आणि त्या दिवसांत जे करोना नव्हतं ते काहीच नव्हतं. पोटात दुखलं, चक्कर आली, वडिलांची साखर वाढली, सगळं नंतर. मलाच असं वाटायचं असं नाही, अख्ख्या गावाला वाटायचं. पण माझ्या हातात मशीन होतं आणि खालचा आकडा उड्या मारत होता. एकशे अडतीस, एकशे बारा, एकशे एक्कावन्न. मी आकडे बघणारी मुलगी, प्रणाली. दोन महिन्यांपूर्वीचा तालुक्याचा आकडा मी न बघता सांगायची. खालचा आकडा मी पाहिला, तो स्थिर राहत नाही हेही पाहिलं, आणि स्वतःला सांगितलं की चढण चढून आली आहे.

तू म्हणालीस, "सांगूं नाका गे कोणाक. पंचकाकाक कळ्ळें जाल्यार सडो बंद. मंगेशाचें वर्स वतलें."

तू मंगेशचं नाव घेतलंस. मला माझं वर्ष दिसत होतं. हे मी पहिल्यांदाच कोणाला सांगते आहे. मी म्हणाले, पेपर संपले की डॉक्टरकडे जाऊया. तू म्हणालीस, "वचूंया." मग आपण सावकाश वर आलो, तू मध्ये दोनदा बिया वेचायला वाकलीस आणि मी थांबले. पाच मिनिटं उरली होती. तू गाऱ्हाणंही घातलंस, पेपर सोपा जाऊ दे म्हणून, आणि आम्ही तिघं 'व्हय म्हाराजा' म्हणालो.

पेपर संपले. आपण गेलो नाही. हॉस्पिटलात गेलं की करोना घेऊन येतात, असं तुझी आई म्हणायची, आणि तेव्हा सगळ्यांच्याच आया म्हणायच्या. मग निकाल लागला, चौघंही पास. मग मला डिचोलीला औषधांच्या दुकानात नोकरी लागली आणि पुढे खाणींची वाहतूक सुरू झाल्यावर तुला सुर्ल्याला, ट्रकांचे पास तपासायच्या ऑफिसात. मंगेशनं टेंपो घेतला, रोशनी शाळेत शिकवायला लागली. सड्याखाली टॉवर आला. आता विहिरीपाशीसुद्धा चार दांड्या येतात.

तुझ्यावर मला राग आहे, आणि तोही लिहून ठेवते. तू दुपारच्या सुट्टीत फोन करायचीस, बोलता बोलता थांबायचीस आणि म्हणायचीस, सुर्ल्याची धूळ गो. शनिवारी दुकानावर यायचीस. मी तुला खोकल्याचं औषध दिलं. एकदा नाही, तीन वेळा दिलं. काउंटरच्या एका बाजूला तू, एका बाजूला मी, माझ्यामागे कपाटभर औषधं. तुला रात्री उशा लावून बसून झोपावं लागतं, हे तू मला सांगितलं नाहीस. दुसऱ्यांच्या घरातलं तू पोदेराकडून काढायचीस, आणि स्वतःचं मात्र विचारल्याशिवाय सांगणार नव्हतीस. विचारायचं काम माझं होतं हे मान्य आहे. तरीही राग आहे. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला या बारा दिवसांत कळलं.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी हॉस्पिटलातून तुझा फोन आला. मी स्टॉक लावत होते. तू नर्सची नक्कल केलीस, शेजारच्या खाटेवरच्या आजीबाईंची केलीस. मग म्हणालीस, एक काम कर, रविवारी सड्यावर जा आणि माझं गाऱ्हाणं घाल.

मी म्हणाले, मला कुठे येतं?

"येता तुका. व्हय म्हणून म्हणून पाठ जालां आसतलें."

मी म्हणाले की हे ऑपरेशन आता रोज होतं, त्याला राखणदार कशाला मध्ये घ्यायचा. बरी होऊन ये, मग तूच घाल, मी उंडे आणते. हे मी धीर द्यायला बोलले असं लोकांना सांगता येईल. खरं म्हणजे तो जुना वाद मला जिंकायचा होता. तू हसलीस आणि म्हणालीस, "आपलें घालूंक जायना गे." मग नर्स आली असावी, फोन ठेवलास.

रविवारी मी सड्यावर गेले नाही. दुकान बंद होतं, मी कपडे धुतले.

बाराव्याची पंगत उठल्यावर मी आजोला नमस्कार करायला गेले. तो आता फार वाकला आहे, पण देवळातलं गाऱ्हाणं अजून तोच घालतो. तू हॉस्पिटलात असताना त्यानं तिथे घातलं असेल, असं मी धरून चालले होते. तसं म्हणालेही. त्यानं मान हलवली.

"हांव गांवाचें घालतां. आमच्या चेडवाचें घालपाक तुमी आशिल्लीं."

आपल्या पोरीचं घालायला आम्ही होतो, एवढंच; त्यात दोष नव्हता. पानसुपारी कोणी वाटायची हे सांगावं तशा आवाजात तो बोलला. मी उठले आणि मंगेशला शोधून म्हणाले, उद्या सकाळी सड्यावर यायचं. त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली आणि कशाला म्हणून विचारलं नाही. रोशनीनं आपण उंडो आणू का एवढंच विचारलं.

मी त्या रात्री तुमच्याकडेच राहिले. सकाळी आम्ही चढलो. चढण मला आठवत होती त्यापेक्षा जास्त निघाली. अर्ध्या वाटेवरचं काजूचं झाड आहे अजून, त्याच्यापाशी कोणी थांबलं नाही. वर गवत वाढलं आहे. आपल्या ताडपत्रीची एक दोरी खोडात रुतून बसली आहे, वरून साल आली आहे. दगड आहे तसाच. रोशनीनं उंड्याचा तुकडा मोडला आणि उजव्या अंगाला ठेवला. मग आम्ही तिघं उभे राहिलो आणि सवयीनं वाट बघत राहिलो, तू सुरू करशील म्हणून. मंगेशनं माझ्याकडे पाहिलं.

"बा राखणदारा म्हाराजा," मी म्हणाले. आवाज अगदी वर्गात उत्तर देते तसा आला.

"व्हय म्हाराजा."

"आज हीं तुजीं तीन भुरगीं तुज्या सड्यार आयल्यांत."

"व्हय म्हाराजा."

"चवथें येवंक ना."

याला आधी मंगेश 'व्हय म्हाराजा' म्हणाला, मग रोशनी.

मी काय मागणार होते ते रात्री ठरवून ठेवलं होतं. तुझ्या आत्म्याला शांती वगैरे, सगळे मागतात ते. पण दगडाकडे बघून बोलायला लागलं की ठरवलेलं येत नाही, हे तू कधी सांगितलं नव्हतंस. मी म्हणाले, "प्रणालीक दम लागतालो. हांवें पळयलें आनी कोणाक सांगूंक ना."

मला वाटलं होतं, आता दोघं गप्प होतील. निदान माझ्याकडे वळून तरी बघतील.

"व्हय म्हाराजा," मंगेश म्हणाला. पाठोपाठ रोशनी म्हणाली. दोघांपैकी कोणीही दचकलं नव्हतं.

मग मंगेशनं दगडाकडे बघत सांगितलं की तू रोज तुझी बॅग त्याच्याकडे द्यायचीस आणि ती हलकी असायची, एक वही आणि पाण्याची बाटली. एवढी हलकी बॅग का देते, हे त्यानं कधी विचारलं नाही. आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणालो. मग रोशनी बोलली. तू गाऱ्हाणं वाक्य मोडून मोडून घालायचीस, अगदी चार-चार शब्दांनी थांबायचीस, आणि आम्ही 'व्हय म्हाराजा' म्हणेपर्यंत श्वास घ्यायचीस. तिला ते कळत होतं. म्हणून ती मुद्दाम सावकाश म्हणायची, ओढून ओढून, आणि आम्ही तिला त्यावरून चिडवायचो. मला ते चिडवणं आठवलं. आम्ही पुन्हा 'व्हय म्हाराजा' म्हणालो.

म्हणजे तिघांनाही थोडं थोडं माहीत होतं. एकानं दुसऱ्याला विचारलं असतं तर पुरेसं झालं असतं. आमचं सगळं तू सांगत होतीस, त्यामुळे एकमेकांना विचारायची सवयच आम्हाला लागली नव्हती.

आता सांगून झालं होतं आणि मागणं राहिलं होतं. गाऱ्हाणं मागितल्याशिवाय संपत नाही. तुझ्यासाठी काय मागायचं ते मला कळेना. बरी कर म्हणायची वेळ गेली होती, सुखरूप घरी आण म्हणायचीही गेली होती. मी मागे वळले. खालून आलो ती वाट दिसली.

"बा म्हाराजा, थंय चडण आसली जाल्यार प्रणालीक सवकास चडूं दी. वाटेर बसूं दी. कोणेंय घाय करूंक जायना."

"व्हय म्हाराजा," मंगेश म्हणाला, आणि रोशनी म्हणाली, नेहमीसारखं ओढून ओढून. ती संपवेपर्यंत आम्ही दोघं थांबलो.